कुलूपबंद शाळेचा धडा

स्थानिक स्वराज्य ही लोकशाहीची पहिली पाठशाळा होय, असे आपण मोठ्या श्रद्धेने म्हणत असतो. हे वचन खोटे नाही. परंतु अपुरे आहे. तिजोरीची किल्ली ज्यांच्या हाती, त्यांच्या मनात वर्णद्वेष असेल, तर हीच सत्ता शाळेला कुलूप ठोकू शकते. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या फार्मव्हिल या लहानशा गावाने ते पाहिले आहे.

तेथील मोटन हायस्कूल ही कृष्णवर्णीय मुलांची सरकारी शाळा १९३९ साली सुमारे १८० विद्यार्थ्यांसाठी बांधली गेली. १९५१ पर्यंत तेथे साडेचारशेच्या आसपास मुले दाटीवाटीने शिकू लागली. नवी इमारत देण्याऐवजी शाळा मंडळाने आवारात डांबरी कागद ठोकलेल्या खोपट्या उभ्या केल्या. व्यायामशाळा नव्हती, भोजनगृह नव्हते. अखेर २३ एप्रिल १९५१ रोजी बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या विद्यार्थिनीने सभागृहात सहाध्यायांना संपाची हाक दिली आणि सारी शाळा बाहेर पडली.

मुलांना हवी होती चांगली इमारत. ऑलिव्हर हिल व स्पॉट्सवुड रॉबिन्सन या वकिलांनी मात्र अट घातली की, दावा करावयाचा तर तो वर्णभेदी शाळांच्या व्यवस्थेविरुद्धच करावा. मुलांनी व पालकांनी ती धैर्याने मान्य केली. हा दावा पुढे 'ब्राउन विरुद्ध शिक्षण मंडळ' या खटल्यात समाविष्ट झाला आणि १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतील वर्णभेद एकमताने घटनाबाह्य ठरविला.

परंतु न्यायालयाचा निकाल आणि शाळेचा वर्ग यांत अंतर असते. अमेरिकेत शाळांचा बराच खर्च स्थानिक करांतून भागतो. फार्मव्हिल ज्या प्रिन्स एडवर्ड कौंटीत, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारख्या घटकात मोडते, तिच्या कारभाऱ्यांनी १९५९ मध्ये शाळांसाठी पैसाच मंजूर केला नाही. सर्व सरकारी शाळा बंद पडल्या. गोऱ्या मुलांसाठी खाजगी विद्यालय निघाले आणि त्याला सार्वजनिक पैशाचाही आधार मिळाला. कृष्णवर्णीय मुलांपैकी काही परगावी नातलगांकडे गेली, काही चर्चमधील तात्पुरत्या वर्गांत बसली. अनेकांचे शिक्षण कायमचे सुटले. २५ मे १९६४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बजावले, तेव्हा कोठे ही कुलुपे निघाली. तोवर पाच वर्षे लोटली होती.

आज मोटन हायस्कूलच्या इमारतीत संग्रहालय आहे. २००३ मध्ये व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने झाल्या प्रकाराबद्दल खेद व्यक्त केला. डिसेंबर २०२० मध्ये वॉशिंग्टनच्या संसद भवनातून जनरल ली यांचा पुतळा हलविण्यात आला आणि त्या जागेसाठी व्हर्जिनियाने बार्बरा जॉन्स यांची निवड केली. हा सन्मान उचितच आहे. परंतु खेदाच्या ठरावाने सुटलेली इयत्ता परत मिळत नाही.

फार्मव्हिलची ती शाळा बंद करणे कारभाऱ्यांना सोपे गेले, कारण त्यांची स्वतःची मुले दुसरीकडे शिकत होती. सत्ताधाऱ्यांची मुले ज्या शाळेत बसत नाहीत, ती शाळा कोणत्याही देशात सुरक्षित नसते. तिचे रक्षण कायद्याने होते हे खरे. पण त्या कायद्यालाही जागे ठेवणारी एखादी बार्बरा लागते.