पर्यावरण अभियांत्रिकीची पदवी : कटंगीच्या विद्यार्थ्यापुढील प्रश्न

बालाघाट जिल्ह्यातील कटंगी हे धानाच्या मुलखातील गाव. तथापि तेथील जमिनीच्या पोटात दुसरेही एक पीक आहे. जवळच्या तिरोडी आणि सीतापटोर येथील खाणींतून मँगनीज निघते. हाच पट्टा पुढे महाराष्ट्रात शिरून भंडारा जिल्ह्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग आणि नागपूर जिल्ह्यातील मनसर, कांद्री व गुमगाव येथवर पसरलेला आहे. पोलादाच्या भट्टीला आणि बॅटरीच्या कारखान्याला लागणारे हे काळे खनिज उघड्या खाणीतून मिळवावयाचे, तर त्याच्या कितीतरी पट माती आणि दगड बाजूला काढावे लागतात. त्यांच्या टेकड्या होतात. पावसाळ्यात अशा उघड्या टेकडीवरून वाहणारे पाणी बारीक माती बरोबर घेऊन निघते. ते अडविले नाही, तर उताराला जी बांधी असेल तिच्यात, किंवा नाल्यावाटे पुढे नदीत, ती माती जाऊन बसते.

ती माती किती, तिचे कण केवढे, ती अडविण्यासाठी केवढे तळे खोदावे, त्यास खर्च किती आणि जवळच्या विहिरीचे पाणी पिण्यास योग्य राहिले आहे की नाही, हे प्रश्न अंदाजाने सुटत नाहीत. ते मोजून सोडविण्याच्या शास्त्राला आज पर्यावरण अभियांत्रिकी म्हणतात. बारावीनंतर चार वर्षांत या विषयाची पदवी घेता येते. परंतु ती घ्यावी काय, आणि कटंगीसारख्या गावातील मुलाने वा मुलीने ती कोणत्या वाटेने घ्यावी, याविषयी घरोघरी बराच गोंधळ दिसतो.

गोंधळाची सुरुवात नावापासूनच होते. ‘पर्यावरण’ हा शब्द कानी पडताच वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांपुढे वृक्षारोपणाचा समारंभ उभा राहतो, आणि झाडे लावावयास इंजिनियर कशाला हवा, असा प्रश्न येतो. हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. नावच थोडे फसवे आहे. या विद्येचे जुने नाव सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी असे होते आणि ते अधिक प्रामाणिक होते. गावाला शुद्ध पाणी आणावयाचे आणि गावाचे घाण पाणी निरुपद्रवी करून बाहेर घालवावयाचे, हे तिचे मूळ काम. मध्य प्रदेशात खेडोपाडी हातपंप बसविणारे सरकारी खाते आजही लोक स्वास्थ्य यांत्रिकी विभाग या नावाने चालते, आणि लोक त्याला पी.एच.ई. म्हणतात. विद्येचे नाव बदलले, खात्याचे राहून गेले.

हा नावाचा बदल कसा घडला, याची साक्ष नागपूरला मिळते. १९५६ पूर्वी बालाघाट जिल्ह्याची राजधानी नागपूरच होती. राज्यपुनर्रचनेने राजधानी भोपाळला नेली, तरी या भागाचा व्यवहार नागपुराकडेच ओढ घेत राहिला. त्या नागपुरात १९५८ साली केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली. १९७४ साली तिला राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था हे नाव मिळाले. नीरी ती हीच. त्याच वर्षी संसदेने जलप्रदूषणाचा कायदा केला, १९८१ साली हवेचा केला. डिसेंबर १९८४ मधील भोपाळच्या विषारी वायूच्या भीषण रात्रीनंतर, १९८६ साली, पर्यावरण संरक्षणाचा व्यापक कायदा आला. पाणी आणि सांडपाणी एवढ्यापुरती असलेली विद्या अशा रीतीने हवा, घनकचरा, घातक रसायने आणि नियोजित प्रकल्पांचे परिणाम येथपर्यंत वाढली. अभ्यासक्रमातील विषयांची यादी याच क्रमाने लांबत गेली आहे.

पहिले वर्ष इतर अभियांत्रिकी शाखांसारखेच असते : गणित, पदार्थविज्ञान, रसायन, रेखाटन. नंतर प्रवाही पदार्थांचे यंत्रशास्त्र, भूमापन, जलविज्ञान, पर्यावरणीय रसायन आणि सूक्ष्मजीवशास्त्र येते. पुढे पाणी शुद्धीकरण, सांडपाणी, हवेचे प्रदूषण, कचरा, परिणामांचे मूल्यमापन. ही यादी कोणत्याही माहितीपत्रकात सापडते. तिच्यामागचे शिक्षण कसे असते, हे मात्र एका उदाहरणावरून अधिक कळेल. आणि ते उदाहरण खाणीच्या गढूळ पाण्याचेच घेता येईल.

पाण्यात मातीचा कण किती वेगाने खाली बसतो? साध्या वाळूसारख्या जड द्रव्याचा ०.१ मिलिमीटर जाडीचा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली जावयास सुमारे दोन मिनिटे घेतो. कण दहापट बारीक, म्हणजे ०.०१ मिलिमीटरचा असेल, तर काळ दहापट लागेल असे वाटते. परंतु तो शंभरपट लागतो, म्हणजे सुमारे तीन तास. आणखी दहापट बारीक कणाला बारा-तेरा दिवस लागतात. कारण बसण्याचा वेग जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. कण निम्मा झाला की वेग चौथाई होतो. हा नियम कळला, म्हणजे खाणीखालच्या तळ्यात जाड रेती राहते आणि पाणी मात्र तांबूसच का पुढे जाते, याचा उलगडा होतो.

याहून नवलाची गोष्ट पुढे आहे. कण अधिक बसावेत म्हणून तळे खोल करावे, असे कोणालाही वाटेल. ॲलन हेझन या अमेरिकन अभियंत्याने १९०४ साली दाखवून दिले की, आदर्श स्थितीत गाळ किती बसेल हे तळ्याच्या खोलीवर अवलंबून नसून त्याच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते. खोली दुप्पट केली तर पाणी दुप्पट वेळ थांबते खरे, पण कणालाही दुप्पट अंतर उतरावे लागते. पदरात काही पडत नाही. म्हणून खोल खड्ड्यापेक्षा पसरट तळे बरे. (साठलेल्या गाळाला जागा लागते, म्हणून काही खोली ठेवावीच लागते, ती गोष्ट निराळी.) परंतु पसरट तळ्याला जमीन लागते, आणि ती जमीन कोणाची तरी बांधी असते. येथे गणिताचा प्रश्न शेतकऱ्याच्या उंबरठ्याशी येऊन थांबतो आणि अभियंत्याची खरी परीक्षा सुरू होते.

फार बारीक कणांना तळे पुरत नाही. त्यांना एकत्र गोळा करून जड करावे लागते. घरात गढूळ पाण्यात तुरटी फिरवितात, तिचे काम हेच. तुरटी आणि चुना यांच्याच योग्य मात्रेने पाण्यातील जादा फ्लोराइड काढून टाकण्याची नीरीने विकसित केलेली रीत नालगोंडा पद्धत या नावाने प्रसिद्ध आहे. घरातील तुरटीचा खडा आणि शहराचे जलशुद्धीकरण केंद्र यांत तत्त्वाचा भेद नाही. भेद आहे तो मात्रा मोजण्याचा, आणि चार वर्षे शिकावयाचे ते बहुतांशी हे मोजणेच.

गढूळपणा निदान दिसतो तरी. विरघळलेले मँगनीज दिसत नाही. पंपातून वर आलेले पाणी स्वच्छ असते, हवा लागल्यावर हळूहळू काळसर होते आणि भांड्याला डाग धरते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम मँगनीज ही स्वीकार्य मर्यादा आहे. दुसरा उद्भव नसेल तर ०.३ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतात. मँगनीजच्या पट्ट्यातील प्रत्येक विहिरीत ते असतेच असे मुळीच नाही. परीक्षण केल्याशिवाय तसे म्हणणे हा विहिरीच्या मालकावर अन्याय होईल. लोह नुसत्या हवेने लवकर बाहेर पडते. मँगनीज हट्टी आहे, त्याला बहुधा अधिक तीव्र ऑक्सिडीकारक द्यावा लागतो. त्यासाठी पोटॅशियम परमँगनेट वापरतात, आणि गंमत अशी की तो स्वतः मँगनीजचाच क्षार आहे. मात्रा थोडी चुकली की शुद्ध करावयाचे पाणी गुलाबी होते!

सांडपाण्याच्या अभ्यासात अशीच एक सूक्ष्म गोष्ट भेटते. पाण्यातील सेंद्रिय घाण खाताना जिवाणू किती प्राणवायू वापरतात, त्यावरून घाणीचे माप घेतात. इंग्रजी परंपरेतील चाचणीत बाटली २० अंश सेल्सिअसला पाच दिवस ठेवतात. तेथील नद्यांचे पाणी पाच दिवसांत समुद्रास मिळते म्हणून पाच दिवस, असे सांगितले जाते. भारतीय मानकाने २७ अंशांना तीन दिवस हे प्रमाण घेतले. उष्ण देशात जिवाणूंचे काम जलद चालते, आणि वैनगंगेचे पाणी टेम्सच्या तापमानावर जोखण्यात अर्थ नाही.

आता राहिली ती मातीची टेकडी. तिच्यावर झाडे लावण्याचा विषय आला म्हणजे वडीलधाऱ्यांचा तो पहिला प्रश्न पुन्हा उभा राहतो, आणि त्याचे उत्तर याच पट्ट्यात, गुमगावच्या मँगनीज खाणीवर, मिळाले आहे. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत नीरीच्या डॉ. आशा जुवारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील ओसाड ढिगांवर काम केले. त्यांनी प्रथम झाड का जगत नाही ते शोधले. ढिगाच्या मातीत सेंद्रिय द्रव्य नव्हते, नत्र नव्हते, उपयुक्त जिवाणू जवळजवळ नव्हते. मग साखर कारखान्यात रस गाळून उरणारा गाळ, ज्याला प्रेसमड म्हणतात, तो घालण्यात आला. हवेतील नत्र बांधून घेणारे रायझोबियम व ॲझोटोबॅक्टर हे जिवाणू आणि मुळांशी सहजीवन करणारी बुरशी देण्यात आली. साग, शिसू अशा झाडांनी तेथे मूळ धरले. एका उद्योगाचा टाकाऊ पदार्थ दुसऱ्या उद्योगाच्या जखमेवर औषध ठरला. झाडे लावण्यास इंजिनियर लागत नाही हे खरे; पण जेथे झाड लागतच नाही, तेथे या शास्त्राची गरज पडते.

विद्या अशी उपयुक्त असली, तरी पदवी कोठे मिळते हा व्यवहाराचा प्रश्न उरतो. पदवीच्या पातळीवर हा विषय शिकविणाऱ्या संस्था देशात थोड्या आहेत. धनबादची आय.आय.टी., दिल्ली तंत्रज्ञान विद्यापीठ, अहमदाबादचे एल. डी. अभियांत्रिकी महाविद्यालय ही त्यांतील परिचित नावे. महाराष्ट्रात कोल्हापूरच्या के.आय.टी. महाविद्यालयाने ही शाखा दीर्घकाळ चालविली आहे, आणि ते स्थानही अर्थपूर्ण आहे. जवळच पंचगंगा आहे, तिच्या काठी रंगकामाचे कारखाने असलेले इचलकरंजी आहे, आणि तेथे २०१२ साली दूषित पाण्याने काविळीची मोठी साथ येऊन गेली. शाखांची नावे व जागा बदलत असल्यामुळे त्या त्या वर्षीची प्रवेशसूची पाहूनच निर्णय करावा लागतो.

कटंगीच्या मुलाची अडचण यापुढची आहे. बावनथडी ओलांडली की महाराष्ट्र लागतो. परंतु प्रवेशाच्या नियमांत ती नदी फार रुंद होते. घरची भाषा मराठी असली तरी तो मध्य प्रदेशचा रहिवासी, म्हणून नागपूरच्या महाविद्यालयांत तो परराज्याचा उमेदवार. कर्नाटकाच्या वादग्रस्त सीमाभागातील मराठी मुलांसाठी महाराष्ट्राने काही जागा राखून ठेवल्या आहेत. बालाघाटच्या मराठी मुलाला तसा आधार नाही. नागपूरच्या व्ही.एन.आय.टी.मध्ये निम्म्या जागा महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी असतात. त्याच्या स्वतःच्या राज्याची तशी संस्था भोपाळला आहे. आय.आय.टी.मध्ये मात्र राज्याची अट नाही, म्हणून धनबादचे दार त्याला इतरांइतकेच उघडे किंवा इतरांइतकेच बंद आहे.

दुसरी अडचण नोकरीची, आणि ती लपवून ठेवणे मुलांच्या हिताचे नाही. ज्या पाणीपुरवठा खात्यांचे काम हेच आहे, त्यांच्या अनेक जाहिरातींत स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी मागितलेली असते. भारतीय अभियांत्रिकी सेवेच्या परीक्षेत स्थापत्य, यंत्र, विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक्स एवढेच गट आहेत. पर्यावरणाच्या पदवीधराला त्यांपैकी एकाचा अभ्यास वेगळा करावा लागतो. प्रदूषण नियंत्रण मंडळे, कारखान्यांचे शुद्धीकरण विभाग, खाणी आणि सल्लागार संस्था येथे या पदवीला थेट मान आहे. पदव्युत्तर प्रवेशाच्या गेट परीक्षेत २०२१ पासून पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकीची स्वतंत्र प्रश्नपत्रिकाही आली. ही सुधारणा आहे; परंतु खात्यांचे नियम परीक्षांइतक्या लवकर बदलत नाहीत.

तेव्हा ज्या घराने शेताच्या उत्पन्नावर किंवा कर्जावर मुलीला शिकावयास पाठवावयाचे आहे, त्या घराला जवळच्या चांगल्या सरकारी महाविद्यालयात स्थापत्य घ्यावे आणि पदव्युत्तर शिक्षण पर्यावरण अभियांत्रिकीत करावे, हाच मार्ग अधिक सुरक्षित आहे. नागपूरच्या व्ही.एन.आय.टी.मध्ये तशी एम.टेक.ची सोय आहे. वाट दोन वर्षांनी लांबते, पण मागे कोणतेही दार बंद होत नाही. थेट पदवी घ्यावयाची ती रसायन आणि जीवशास्त्र यांची मनापासून आवड असेल आणि प्रवेश नावाजलेल्या संस्थेत मिळत असेल तरच. जेथे प्रयोगशाळेतील उपकरणांवर धूळ आहे, तेथे केवळ पाटीवरील शाखेचे नाव पाहून पैसे भरणे शहाणपणाचे नाही. प्रवेशापूर्वी ती प्रयोगशाळा पाहू द्यावी, अशी मागणी पालकांनी संकोच न करता करावी.

आपली आवड खरी आहे काय, हे पाहण्याची सोय मात्र कटंगीतच आहे. प्रवेशाच्या फेऱ्या जून-जुलैत चालतात, आणि नाले त्याच सुमारास गढूळ वाहू लागतात. त्या पाण्याने काचेची उंच बरणी भरून खिडकीत ठेवावी, शेजारी घड्याळ आणि वही ठेवावी. दोन मिनिटांनी तळाशी काय बसले, तीन तासांनी काय, दुसऱ्या दिवशी वरचे पाणी कितपत निवळले, हे लिहून ठेवावे. दुसऱ्या बरणीत तुरटी फिरवून तीच नोंद पुन्हा करावी.