म्हातारपणातले जस्त

जेवण बेचव लागणे, जखम लवकर न भरणे, सर्दी-खोकल्याने पिच्छा न सोडणे हे सगळे उतारवयात ‘वय झाले’ या खात्यावर टाकले जाते. जस्ताची कमतरता तिथेच लपते. शरीरात जस्त दोन-तीन ग्रॅम असते. नडीला उपयोगी पडेल असा त्याचा साठा नसतो, त्यामुळे ते रोजच्या जेवणातूनच यावे लागते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार पुरुषाला रोज 17 आणि स्त्रीला सुमारे 13 मिलिग्रॅम हवे. दात गेले, भूक मंदावली की तेवढे पोटात जात नाही. रक्तदाबाच्या थायझाइड गोळ्यांनी ते लघवीवाटे अधिक जाते. भाकरी-वरणातले फायटेटही त्याला धरून ठेवते. मोडाची मटकी आणि आंबील या बाबतीत उजव्या.

माणसालाही जस्ताची कमतरता होते, हे पटवून द्यायला बक्सरला जन्मलेल्या डॉ. आनंद प्रसाद यांना बरीच वर्षे झगडावे लागले. 1958 मध्ये इराणच्या शिराझ शहरात त्यांच्यापुढे 21 वर्षांचा रुग्ण आला. दिसायला दहा वर्षांचा पोर, खाणे बिनखमिराची रोटी आणि चक्क माती! नुसत्या लोहाच्या अभावाने वाढ अशी खुंटत नाही, हे त्यांनी ताडले. अमेरिकेने जस्ताला आवश्यक पोषकद्रव्य मानले ते 1974 मध्ये. पुढे 2007 मध्ये प्रसाद यांनी 55 ते 87 वयाच्या लोकांवरील चाचणी प्रसिद्ध केली. वर्षभर रोज 45 मिलिग्रॅम जस्त घेणाऱ्यांपैकी 29 टक्क्यांना संसर्ग झाला, न घेणाऱ्यांपैकी 88 टक्क्यांना. आकडे दिपवणारे खरे, पण माणसे अवघी 50.

तेवढ्यावरून सरसकट गोळ्या सुरू करणे घाईचे ठरते. करोनाकाळात घरोघरी शिरलेल्या झिंकने 2021 च्या अमेरिकी चाचणीत घरी उपचार घेणाऱ्यांची लक्षणे लवकर गेली नाहीत. रक्ततपासणीही भरवशाची नाही. साध्या संसर्गातही पातळी खाली येते.

अतिरेकाची किंमत तांबे चुकवते. जस्त जास्त झाले की आतड्यात तांबे शोषले जात नाही. रक्त कमी होते, पाय बधिर पडतात, तोल जातो. कवळी चिकटवण्याची जस्तयुक्त पेस्ट वर्षानुवर्षे भरमसाट वापरणाऱ्या काहींचे नेमके हेच झाले. प्रौढांसाठी दिवसाला 40 मिलिग्रॅमची मर्यादा त्यासाठीच आहे, आणि 220 मिलिग्रॅमच्या झिंक सल्फेटमध्ये 50 मिलिग्रॅम जस्त असते. दृष्टिपटलाच्या वार्धक्यजन्य विकारावरील 2001 च्या अमेरिकी चाचणीत 80 मिलिग्रॅम जस्ताबरोबर म्हणूनच 2 मिलिग्रॅम तांबे दिले होते. 2013 च्या पुढच्या चाचणीत 25 मिलिग्रॅम जस्तानेही जवळपास तेवढाच गुण आला.