पायाखालच्या पोकळीचा वेध

पुणे - बुधवार पेठेतील सिटी पोस्टाच्या आवारात २० सप्टेंबर २०२४ रोजी जमीन खचली आणि सांडपाणी वाहिनीच्या सफाईसाठी आलेला महापालिकेचा ट्रक पाहता पाहता खड्ड्यात गेला. चालक बचावला. खाली जुनी विहीर असल्याचे समोर आले. लगतच्या कसबा पेठेसारख्या जुन्या वस्तीत मग प्रश्न उरतो, तो अशा आणखी किती पोकळ्या पायाखाली आहेत हा.

पुण्याचा बेसाल्ट चुनखडीप्रमाणे पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे येथील पोकळ्या मुख्यतः मानवनिर्मित आहेत. बुजवलेल्या विहिरी, धान्याची पेवे, जुनी गटारे आणि नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून शनिवारवाड्यापर्यंत आणलेला नळ हे त्यांचे प्रकार. २०१९ मध्ये मेट्रोच्या खोदकामात स्वारगेटजवळ जुने भुयारी जलमार्ग आढळले होते.

खोदल्याविना शोध घेण्याची पहिली पद्धत म्हणजे भूवेधी रडार. हातगाडीसारखे यंत्र रस्त्यावरून फिरवून रेडिओ तरंग जमिनीत सोडले जातात. हवेत ते प्रकाशाच्या वेगाने, तर बेसाल्टमध्ये त्याच्या सुमारे एक तृतीयांश वेगाने जातात. माध्यम बदलते तेथे ते परावर्तित होतात आणि पडद्यावर कमानीसारखी आकृती उमटते. मात्र ओल्या चिकणमातीत हे तरंग एक-दोन मीटरमध्येच क्षीण होतात. म्हणून पावसाळ्यापेक्षा उन्हाळ्यातील पाहणी अधिक उपयुक्त ठरते.

अधिक खोलीसाठी जमिनीत विद्युतप्रवाह सोडून रोध मोजतात. हवेने भरलेली पोकळी अधिक रोध दाखवते, तर पाण्याने भरलेली कमी. परंतु त्यासाठी सळ्यांची लांब रांग रोवावी लागते. फरसबंद बोळांत ते अवघड. गुरुत्वमापकाने वस्तुमानातील उणीव टिपता येते, पण शेजारच्या वाड्यांच्या वस्तुमानाचा हिशेब वजा करावा लागतो.

कोणतीही एक पद्धत निर्णायक नाही. पडद्यावरील कमान विहिरीची असेल, तशी जलवाहिनीचीही असू शकते. दोन पद्धतींचे निष्कर्ष जुळल्यावर त्या जागी बारीक छिद्र घेऊनच खात्री करावी लागते.

कसबा पेठ स्थानक असलेला भुयारी मेट्रोमार्ग २९ सप्टेंबर २०२४ रोजी खुला झाला. जुन्या वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहत आहेत. पाया खणण्यापूर्वी अशी पाहणी करून ती जुन्या नकाशांशी आणि वाड्यातील वृद्धांच्या आठवणींशी ताडून पाहिली, तर विसरलेली विहीर अपघाताआधीच सापडू शकेल.