घरच्या स्ट्रॉबेरी सोड्याची बाटली का फुटते? जाणून घ्या बुडबुड्यांचं गणित

महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीचा हंगाम उतरणीला लागला की मऊ पडलेली, जास्त पिकलेली फळं स्वस्तात मिळू लागतात. सोड्यासाठी हीच उत्तम, कारण रस आणि वास दोन्ही भरपूर. मग मोबाइलवर कृती सापडते: फळांचा रस, पाणी, साखर, चिमूटभर यीस्ट, झाकण घट्ट लावा आणि दोन दिवस थांबा. मात्र अशी काचेची बाटली फुटू शकते आणि काचा स्वयंपाकघरभर उडू शकतात, हे सांगायचं अनेकदा राहून जातं.

नेमकं काय होतं?

यीस्ट साखर खातं आणि कार्बन डायऑक्साइड व अल्कोहोल तयार करतं. १ ग्रॅम साखरेपासून साधारण अर्धा ग्रॅम वायू मिळतो. कोल्ड्रिंकसारखा फेस यायला लिटरभर पेयात ६ ग्रॅमच्या आसपास वायू पुरतो. म्हणजे यीस्टने जेमतेम १२ ग्रॅम, तीन लहान चमचे साखर संपवली की काम झालं. पण गोडीसाठी आपण लिटरला १०० ग्रॅम साखर घालतो. उरलेली ८८ ग्रॅम यीस्टपुढे वाढून ठेवलेलीच असते. सगळी आंबली तर सुमारे ५० ग्रॅम वायू तयार होईल. मोकळ्या हवेत तो २५ लिटरहून जास्त जागा व्यापतो. बाटली मात्र एक लिटरची!

त्यात उन्हाळा. उकाड्यात यीस्ट झपाट्याने काम करतं आणि कोमट पाण्यात वायू कमी विरघळतो. ० अंशाच्या पाण्यात २० अंशांच्या तुलनेत जवळपास दुप्पट वायू मावतो. थंड देशातल्या कृतीतले ‘दोन दिवस’ एप्रिलमध्ये पुण्या-नागपुरात लागू पडत नाहीत.

गोटी सोड्याची बाटली जाड काचेची असते ती उगाच नाही. हायरम कॉड या इंग्रजाने १८७२ मध्ये तिचं पेटंट घेतलं. वायूचा दाबच गोटीला आतून गळ्याशी दाबून धरतो. जॅम-सॉसच्या रिकाम्या बाटल्या अशा दाबासाठी बनवलेल्याच नसतात.

यीस्ट वापरायचंच असेल तर कोल्ड्रिंकची स्वच्छ प्लॅस्टिक बाटली घ्या, वर चार बोटं जागा सोडा आणि दर काही तासांनी दाबून बघा. न उघडलेल्या कोल्ड्रिंकसारखी टणक लागली की लगेच फ्रीजमध्ये. तिथे आंबणं मंदावतं, थांबत नाही; म्हणून रोज झाकण किंचित सैल करून वायू सोडा आणि तीन-चार दिवसांत संपवा. या पेयात थोडं का होईना, अल्कोहोल असतं. लहान मुलांना आणि गरोदर महिलांना ते देऊ नका.

खरं तर घरगुती वापराला बिनयीस्टची पद्धतच बरी. पाव किलो स्ट्रॉबेरी चिरून १०० ग्रॅम साखरेत फ्रीजमध्ये रात्रभर ठेवा. साखर फळातलं पाणी ओढून घेते आणि न शिजवताच लालभडक पाक सुटतो. उकळलं तर ताज्या फळाचा वास जातो आणि जॅमची चव येते. अर्धं लिंबू पिळा. आंबटपणाने लाल रंग आणखी खुलतो. मग पाक गाळून घ्या, कारण गराच्या कणांवर बुडबुडे जमतात आणि सोडा ओतताच ग्लास उतू जातो. दोन-तीन मोठे चमचे पाक, वर थंडगार सोडा, ग्लासच्या कडेने हळूच. मीठ घालायचं तर आधी पाकात विरघळवा. वरून टाकलं की फेस ओट्यावर.

सोडा घरात नसेल तर काही जण लिंबात खाण्याचा सोडा टाकतात. बुडबुडे येतात, पण चव खारट, इनोसारखी लागते. त्यापेक्षा कोपऱ्यावरच्या दुकानातून साध्या सोड्याची बाटली आणणं सोपं. याच पद्धतीने तुती, जांभूळ आणि पिकलेली करवंदंही चालतात. करवंदाचा चीक मात्र आधी नीट धुऊन काढावा लागतो.