सोमवारचा दमा

सूतगिरणीत रुई पिंजताना उडणारी बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की बिसिनोसिस नावाचा फुफ्फुसांचा विकार जडतो. त्याची चाल मोठी चमत्कारिक असते. आठवड्याची सुट्टी संपवून कामगार खात्यात पाऊल टाकतो आणि त्याच दिवशी त्याची छाती आवळून येते, दम लागतो. आठवडा पुढे सरकतो तसा त्रास ओसरतो. सुट्टी रविवारची असेल तर दुखणे सोमवारचे, म्हणजे वरवर पाहणाऱ्याला शुद्ध कामचुकारपणा. काही वर्षांनी मात्र दम सगळेच वार गाठतो आणि मग काम सोडले तरी फुफ्फुसे पूर्ववत होत नाहीत.

यावर तोंडाला रुमाल बांधणे हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कुचकामी उपाय. धूळ यंत्रापाशीच शोषून घेणारी यंत्रणा बसवणे हा खरा. औद्योगिक आरोग्याच्या शास्त्रात उपायांची एक उतरंड ठरलेली आहे. आधी धोका मुळातच टाळायचा, ते जमत नसेल तर कमी घातक पदार्थ किंवा पद्धत वापरायची, मग यंत्राला आवरण घालायचे, त्यानंतर पाळ्या व कामाचे नियम बदलायचे आणि मुखवटे, हातमोजे, कानातले बोळे सर्वांत शेवटी. व्यवहारात बहुतेक ठिकाणी सुरुवात शेवटच्या पायरीपासून होते, कारण तिचा खर्च कमी आणि चुकीचा दोष कामगारावर ढकलता येतो.

सोमवारच्या आधीचा तो रविवारही गिरणी कामगारांना फुकट मिळालेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत कामगारांच्या सभा भरवून मागण्यांचा अर्ज तयार केला. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, महिन्याचा पगार ठरल्या तारखेच्या आत आणि कामावर जायबंदी झाल्यास भरपाई, अशा त्या मागण्या होत्या. रविवारची सुट्टी मिळायला १८९० चा जून उजाडला. आज कर्मचारी कल्याण या नावाने जे काही चालते त्याचा पाया या साध्या मागण्यांतच आहे.

१९४८ च्या कारखाने कायद्याने त्या पायावर बरेच बांधकाम केले. आठवड्याला ४८ तासांची मर्यादा, सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची सुट्टी, जादा कामाला दुप्पट दर, २५० पेक्षा अधिक कामगार असतील तिथे कँटीन आणि ३० पेक्षा अधिक स्त्रिया असतील तिथे पाळणाघर. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने कँटीनसाठीची संख्या १०० वर आणली.

त्याच १९४८ च्या कायद्यात एक छोटे कलम होते. उभ्याने काम करणाऱ्याला, काम न अडता बसता येईल तेव्हा बसण्याची सोय असावी. कापडाच्या दुकानातल्या विक्रेतीला ते लागू नव्हते, कारण दुकान म्हणजे कारखाना नव्हे. गिऱ्हाईक नसतानाही तिने दहा-दहा तास उभेच राहायचे, आणि दुकानात संडास नसल्याने दिवसभर पाणी प्यायचे नाही. केरळातल्या कोळिकोडमध्ये ‘पेण्कूट्ट’ या स्त्रियांच्या संघटनेने आधी संडासासाठी आणि मग बसण्यासाठी आंदोलन केले. २०१८ मध्ये केरळने दुकाने कायदा बदलून बसण्याचा हक्क दिला; २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तो मान्य केला. पायांच्या फुगलेल्या शिरा आणि मूत्रमार्गाचे संसर्ग यांवरचा उपाय म्हणजे एक स्टूल आणि एक कडी लागणारे दार. त्यासाठी कायदा करावा लागला, हे थोडे लाजिरवाणेच.

कार्यालयातला धोका धुळीसारखा दिसत नाही. लंडनच्या सरकारी नोकरांवरील व्हाइटहॉल अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. सगळ्यांची नोकरी कायमची, खुर्चीवरची किंवा दारावरची. तरीही सगळ्यांत खालच्या हुद्द्यावरच्या शिपाई-दरवानांत मृत्यूचे प्रमाण सर्वोच्च श्रेणीच्या सुमारे तिप्पट निघाले, आणि धूम्रपान, रक्तदाब यांनी त्यातला काहीच भाग उलगडला. १९८५ पासूनच्या दुसऱ्या अभ्यासात आणखी एक धागा सापडला. आपले काम कसे व केव्हा करायचे हे ज्यांच्या हातात कमी, त्यांच्यात हृदयविकार अधिक. कामाचा ताण आणि कामावरचा ताबा हे दोन्ही एकत्र पाहावे लागतात. टार्गेट वरून येते, पण माणसे, वेळ, साधने ठरवण्याचा अधिकार मात्र खाली येत नाही, ही जोडी सर्वांत घातक.

तासांचाही हिशेब लागतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१ मधील संयुक्त अभ्यासानुसार आठवड्याला ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी अधिक असतो. रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर येणारा ‘जरा बघून घ्या’ हा निरोप कोणत्याही हजेरीपत्रकावर चढत नाही, पण शरीर तो मोजते.

याला उत्तर म्हणून अनेक कंपन्या ध्यानवर्ग, झोपेचे ॲप, तणावमुक्तीची कार्यशाळा देतात. ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधील ४६,००० हून अधिक कर्मचाऱ्यांची माहिती तपासून २०२४ मध्ये जो निष्कर्ष छापला तो यांच्या बाजूचा नाही. अशा उपक्रमांत भाग घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा सुखी आढळले नाहीत. काहीसा अपवाद स्वयंसेवी कामाचा. योग वाईट नव्हेच. पण शनिवारी योग आणि सोमवारी तीन माणसांचे काम एकावर, ही रुमालाचीच नवी आवृत्ती. त्यापेक्षा पाळ्यांचे वेळापत्रक आधी कळवणे, रिकाम्या जागा भरणे, वरिष्ठांना हाताखालच्यांचा ताण ओळखायला शिकवणे आणि कामाची पद्धत ठरवताना ते काम करणाऱ्याला विचारणे यांचा परिणाम अधिक टिकतो. कारखान्यातल्या सुरक्षा समितीत कामगारांचे प्रतिनिधी असतात ते यासाठीच. कोणत्या यंत्राचे आवरण कुणी आणि का काढून ठेवले आहे, हे त्यांना ठाऊक असते.

जिथे संस्थाच हाताला लागत नाही तिथे हे सगळे अडते. ऊसतोडीत साखर कारखाना मुकादमाशी व्यवहार करतो, मुकादम ‘कोयत्या’शी, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीशी. उचल आधीच घेतलेली असते आणि एक दिवस चुकला की खाडा म्हणून दंड. फडात संडास नाही, पाण्याची सोय जेमतेम. पाळीच्या दिवसांत किंवा अंगावरून जात असताना खाडा परवडत नाही, म्हणून बीड जिल्ह्यातल्या कित्येक ऊसतोड बायकांनी तरुण वयातच गर्भाशय काढून टाकले. २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्याच सुमारास बीडमध्ये खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे सक्तीचे झाले. ही परवानगी रुग्णालयाच्या दारात लागते; खाडा ठरतो फडात.