शेवटी येणारा माणूस

गेल्या टर्मला वादविवाद स्पर्धेत आमच्या संघातून शेवटी मी बोलले. आधीच्या दोघांनी बाजू मस्त मांडली होती. ऐनवेळी मी मुद्दाच विसरले आणि आम्ही हरलो. त्या रात्री अमेरिकेतल्या माझ्या चुलतभावाचा फोन आला. 'आधी मारियानो रिव्हेराबद्दल वाच, मग रड,' म्हणाला. मी वाचलं. ते तुम्हालाही सांगावंसं वाटलं.

बेसबॉल माहीत नसलेल्यांसाठी आधी थोडं. सामना नऊ इनिंगचा असतो. चेंडू टाकणारा तो पिचर. सुरुवातीचा पिचर दमला किंवा मार खाऊ लागला, की त्याच्या जागी रिलीफ पिचर येतो. त्यांतला अगदी शेवटी येणारा तो क्लोजर, म्हणजे जवळजवळ आपला शेवटचं षटक टाकणारा बॉलर. संघ तीन किंवा त्याहून कमी धावांनी पुढे असताना त्याने येऊन शेवटची इनिंग टाकली आणि आघाडी टिकवली, तर त्याच्या नावावर एक 'सेव्ह' जमा होतो. सेव्हची अधिकृत नोंद १९६९ पासून होते. रिव्हेराही त्याच वर्षी पनामात जन्मला.

वडील मासेमारी बोटीचे कप्तान. तोही बोटीवर राबायचा. १९९० मध्ये न्यू यॉर्क यांकीजने त्याला घेतलं. पण संघाने घेतलं म्हणजे लगेच मेजर लीग नव्हे! आधी मायनर लीगच्या पायऱ्या चढायच्या: रूकी, ए, डबल-ए, ट्रिपल-ए. पहिल्याच मोसमात ५२ इनिंगमध्ये त्याच्या खात्यावर फक्त एक धाव लागली. मग १९९२ मध्ये कोपराचं ऑपरेशन झालं. त्याच वर्षी दोन नव्या संघांसाठी खेळाडूंची निवड होती. यांकीजने त्याला राखून ठेवलं नाही, आणि नव्या संघांनीही त्याला उचललं नाही. अखेर २३ मे १९९५ ला तो मेजर लीगमध्ये उतरला, मार खाल्ला आणि जूनमध्ये परत ट्रिपल-एला, कोलंबसला गेला. जुलैत पुन्हा वर आला.

१९९७ मध्ये तो क्लोजर झाला. त्याच मोसमात साथीदारासोबत नुसती फेकाफेकी करताना त्याचा चेंडू आपोआप शेवटच्या क्षणी वळू लागला. हाच त्याचा प्रसिद्ध कटर. डावखुऱ्या फलंदाजाच्या हातांकडे तो असा घुसायचा की बॅटच मोडायची. पुढची जवळजवळ सगळी कारकीर्द त्याने या एका चेंडूवर काढली.

आता ४ नोव्हेंबर २००१. वर्ल्ड सिरीजचा सातवा, निर्णायक सामना, समोर ॲरिझोना. यांकीज २-१ ने पुढे. आठव्या इनिंगमध्ये आलेल्या रिव्हेराने तिघांना स्ट्राइकआउट केलं. नवव्यात मात्र हळूच टोलवलेला चेंडू उचलून त्याने दुसऱ्या बेसकडे फेकला, तो भलतीकडेच गेला. पुढे बरोबरी झाली, आणि लुइस गोन्झालेसच्या फटक्याने सामनाच गेला. ३-२. अख्ख्या जगासमोर, शेवटचा माणूस हरला.

जिंकले असते तर न्यू यॉर्कमध्ये विजयाची मिरवणूक निघाली असती. तिच्यासाठी थांबून त्याचा साथीदार एन्रिके विल्सन १२ नोव्हेंबरच्या विमानाने घरी जाणार होता. हरल्यामुळे तो आधीच गेला. ते विमान क्वीन्समध्ये कोसळलं. विमानातले २६० आणि जमिनीवरचे ५ जण गेले. हरलो याचा आनंद आहे, कारण मित्र जिवंत आहे, अशा अर्थाचं रिव्हेरा पुढे म्हणाला. म्हणून हरणं चांगलं, असं मी म्हणत नाही. बाकीच्या २६५ जणांच्या घरी ते कोण म्हणेल? मला एवढंच कळलं, की त्या रात्री सगळ्यात मोठी वाटलेली गोष्ट आठ दिवसांत लहान झाली.

आणि पुढच्या मोसमात तो पुन्हा शेवटच्या इनिंगला उभा राहिला. २०१३ मध्ये निवृत्त झाला तेव्हा ६५२ सेव्ह नावावर होते, तोवरचा विक्रम. २०१९ मध्ये हॉल ऑफ फेमसाठी ४२५ पैकी ४२५ मतं मिळाली. एकमताने निवडलेला तो पहिलाच खेळाडू. मत देणाऱ्यांना २००१ आठवत नव्हतं थोडंच!

पुढच्या महिन्यात पुन्हा स्पर्धा आहे. शेवटी कोण बोलणार, असं सरांनी विचारलं, तेव्हा मी हात वर केला.