मालाची नोंद बदलताना

कापडाच्या धंद्यात शिल्लक मालाची वही रोज बदलते. आज अनेक व्यापारी ही वही इंटरनेटवरून दूरच्या सर्व्हरवर ठेवतात. अमेझॉनने २०१२ मध्ये सुरू केलेला डायनॅमोडीबी हा अशाच नोंदी ठेवणारा डेटाबेस आहे. त्यात प्रत्येक मालाची एक नोंद असते. मालाचा क्रमांक ही तिची किल्ली. भाव, पन्हा, रंग, शिल्लक हे तिचे गुणधर्म.

नोंद बदलण्याच्या दोन रीती आहेत. ‘पुट-आयटम’ जुनी नोंद काढून तिच्या जागी संपूर्ण नवी ठेवते. ‘अपडेट-आयटम’ सांगितलेले गुणधर्मच बदलते, बाकीच्यांना हात लावत नाही.

या फरकाचा फटका आम्हाला बसला. पॉपलीनची शिल्लक ४० ऐवजी ३५ तागे करायची होती. मुलाने पहिल्या रीतीने फक्त क्रमांक व शिल्लक पाठवली. शिल्लक बरोबर आली. भाव, पन्हा आणि रंग मात्र उडाले. जुन्या पावत्या चाळून आम्ही ते पुन्हा भरले.

दुसऱ्या रीतीत ‘सेट’ने गुणधर्म लिहिता किंवा बदलता येतो, ‘रिमूव्ह’ने काढता येतो, ‘ॲड’ने आकड्यात भर घालता येते, उणे आकडा दिल्यास वजाबाकी होते. मात्र क्रमांक चुकला तर त्या चुकीच्या क्रमांकाची नवीच नोंद तयार होऊ शकते. म्हणून ‘नोंद आधीपासून असेल आणि शिल्लक ५ किंवा जास्त असेल तरच ५ वजा करा’ अशी अट जोडावी. मग दोन गुमास्त्यांनी एकाच वेळी तोच माल विकला, तरी शिल्लक शून्याखाली जात नाही.

व्यापारी बांधवांनी आपल्या संगणकवाल्याला एवढेच विचारावे : तुम्ही आकडा बदलता की पानच फाडता?